लोहाराच्या भट्टीपासून रेबीजच्या लशीपर्यंत

पिसाळलेले जनावर चावले की जखमेवर लाल तापलेल्या सळईने डाग द्यायचा, हा उपाय एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक होता. १८३१ च्या ऑक्टोबरात जुरा डोंगराच्या पायथ्याच्या आर्बुआ गावाच्या परिसरात एक पिसाळलेला लांडगा उतरला आणि वाटेत दिसेल त्याला चावत सुटला. जखमी माणसांना लोहाराच्या दुकानात आणले गेले. भट्टीतली सळई बाहेर निघायची, मांस जळाल्याचा वास सुटायचा, किंकाळ्या रस्त्यापर्यंत ऐकू यायच्या. हे पाहणाऱ्यांत गावातल्या कातडी कमावणाऱ्याचा आठ वर्षांचा मुलगा होता. डाग देऊनही लांडगा चावलेल्यांपैकी अनेक जण पुढच्या काही आठवड्यांत तडफडून गेले. त्या मुलाचे नाव लुई पाश्चर.

लुईचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, डोल या गावातला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढून आलेले आणि त्यानंतर कातड्याच्या धंद्यात स्थिरावलेले. मुलगा शाळेत काही फार चमकणारा नव्हता, पण चित्रे उत्तम काढायचा. आईवडिलांची त्याने काढलेली खडूची व्यक्तिचित्रे आजही जपून ठेवली आहेत. पुढे पॅरिसला जाऊन तो रसायनशास्त्र शिकला. टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवर काम करून वयाच्या पंचविशीत त्याने नाव कमावले. मग आंबण्याची प्रक्रिया, दारू आणि दूध नासण्याची कारणे, रेशीमकिड्यांचे रोग, कोंबड्यांचा कॉलरा, मेंढ्यांचा अँथ्रॅक्स अशी एकामागून एक कामे झाली. शाळेच्या पुस्तकात हे सारे असते, त्यामुळे इथे त्यात शिरायला नको. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की पाश्चर डॉक्टर नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि माणसाच्या अंगात सुई टोचण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता.

घरात मात्र रोगाने त्यांना फार जवळून गाठले होते. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. थोरली जान १८५९ मध्ये नवव्या वर्षी विषमज्वराने आर्बुआलाच गेली. धाकटी कामीय दोन वर्षांची असताना गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील पुन्हा विषमज्वरानेच गेली. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना स्वतःला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि पाय पुढे आयुष्यभर नीट चालले नाहीत. रेबीजवरचे सगळे काम त्यांनी या अर्ध्या शरीरानिशी केले आहे. प्रयोगातली नाजूक हातकामे त्यामुळे बहुतेक वेळा सहकाऱ्यांना करावी लागत. त्यातला सर्वात महत्त्वाचा सहकारी म्हणजे एमिल रू. तो मात्र रीतसर डॉक्टर होता.

रेबीज हा आजार पाश्चर यांनी का निवडला, यावर बरेच लिहिले गेले आहे. त्या काळी फ्रान्समध्ये क्षय, विषमज्वर आणि घटसर्पाने मरणाऱ्यांच्या मानाने कुत्रा चावून मरणारे फारच थोडे होते. पण या मरणाची दहशत मोठी होती. रोगी शुद्धीवर असतो, तहानलेला असतो आणि पाण्याचा पेला ओठांजवळ नेला की त्याच्या घशाचे स्नायू आखडतात. वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही. एकदा ही लक्षणे सुरू झाली की वैद्यकाच्या हाती काही उरत नाही. हे त्या काळीही खरे होते आणि आजही जवळजवळ तितकेच खरे आहे. चावणे आणि लक्षणे यांच्यामधल्या दिवसांतच जे करायचे ते करता येते.

१८८० च्या डिसेंबरात पॅरिसच्या एका रुग्णालयात पाच वर्षांचे एक मूल रेबीजने गेले. त्याला महिनाभरापूर्वी कुत्रा चावला होता. मृत्यूनंतर काही तासांतच पाश्चर यांनी त्याच्या तोंडातली लाळ तपासणीसाठी घेतली. त्या लाळेत त्यांना एक जंतू सापडला, सशांना टोचल्यावर ससेही मेले. पण तो जंतू रेबीजचा नव्हता. निरोगी माणसांच्या लाळेतही तो सापडतो, हे पुढे त्यांच्याच लक्षात आले आणि त्यांनी तो धागा सोडून दिला. रेबीजचा खरा कारक त्यांना कधीच दिसला नाही. तो विषाणू आहे, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्यापलीकडचा. न दिसणाऱ्या, काचपात्रात न वाढणाऱ्या शत्रूवर त्यांनी लस शोधली, हे या कामातले खरे आश्चर्य.

रोग मेंदू आणि मज्जारज्जूत वस्ती करतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी लाळेचा नाद सोडला. पिसाळलेल्या जनावराच्या मेंदूचा अंश थेट दुसऱ्या जनावराच्या मेंदूपर्यंत पोचवला तर रोग हमखास आणि लवकर होतो, हे रू यांनी दाखवून दिले. कुत्र्याच्या कवटीला छिद्र पाडायचे ही कल्पना पाश्चर यांना सोसत नव्हती. ते नसताना रू यांनी ती शस्त्रक्रिया उरकली आणि दुसऱ्या दिवशी तो कुत्रा प्रयोगशाळेत नीट हिंडताना पाहून पाश्चर यांचा जीव भांड्यात पडला. पुढे भूल दिल्याशिवाय कुठल्याही जनावरावर ही शस्त्रक्रिया करायची नाही, असा त्यांचा आग्रह राहिला. सशाकडून सशाकडे रोग नेत नेत त्यांनी तो असा स्थिर केला की टोचल्यापासून ठरावीक सात दिवसांत लक्षणे दिसू लागत. मग अशा सशाचा मज्जारज्जू काचेच्या निर्जंतुक बाटलीत टांगून ठेवायचा. तळाशी ओलावा शोषणारा पोटॅश. जसजसा तो वाळेल तसतशी त्यातली रोगाची ताकद उतरत जाई, आणि सुमारे पंधरवड्यात ती जवळजवळ संपून जाई. सर्वात जुन्या, निरुपद्रवी झालेल्या तुकड्यापासून सुरुवात करून रोज थोडा ताजा तुकडा टोचत गेले तर कुत्र्याचे शरीर रोगाला तोंड द्यायला शिकते, अशी ही पद्धत.

या कुत्र्यांना ठेवायला जागा मिळवणे हेही काही सोपे काम नव्हते. अखेर सरकारने पॅरिसबाहेर व्हिलनव्ह-लेतां इथली जुनी जागा दिली. पिसाळलेली कुत्री आपल्या शेजारी येणार, या भीतीने तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. तरीही पिंजरे उभे राहिले.

माणसावर ही पद्धत वापरायची वेळ पाश्चर यांनी ठरवली नाही, ती त्यांच्या दाराशी चालत आली. ४ जुलै १८८५ च्या सकाळी अल्सास प्रांतात, जो तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता, नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर एकटाच शाळेला निघाला होता. वाटेत एका किराणा दुकानदाराच्या कुत्र्याने त्याच्यावर झडप घातली आणि त्याला खाली पाडले. जोसेफने एवढेच केले, की दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. जवळून जाणाऱ्या एका गवंड्याने लोखंडी गजाने कुत्र्याला हाकलले. हातावर, मांड्यांवर आणि पायांवर मिळून चौदा जखमा झाल्या होत्या, काही इतक्या खोल की त्याला चालवत नव्हते. कुत्र्याला मारून त्याचे पोट फाडले तेव्हा आत गवत, पेंढा आणि लाकडाचे तुकडे निघाले. ते पिसाळल्याचेच लक्षण होते.

तोंड झाकण्याची ही उपजत बुद्धी त्या पोराच्या कामी आली. आज मुलांना हेच शिकवतात. अंगावर येणाऱ्या कुत्र्यापासून पळू नका, ओरडू नका, हात अंगाशी घेऊन झाडासारखे उभे राहा, नजर जमिनीकडे ठेवा. खाली पडलातच तर कासवासारखे गोळा व्हा, मान आणि तोंड हातांनी झाका. लहान मुलाची उंचीच अशी असते की त्याचा चेहरा कुत्र्याच्या जबड्यासमोर येतो. डोके, चेहरा, मान या ठिकाणच्या जखमा अधिक घातक, कारण विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकतो आणि तिथून मेंदू जवळ असतो. पायाला चावा झाला तर हाताशी सहसा काही आठवडे असतात, चेहऱ्याला झाला तर तेवढेही नसतात. जोसेफच्या जखमा हातापायांवर होत्या. बारा तासांनी गावच्या डॉक्टरने त्या कार्बोलिक आम्लाने जाळल्या आणि त्याच्या आईला सांगितले, पॅरिसला जा.

६ जुलैला आई मुलाला घेऊन पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत पोचली. सोबत कुत्र्याचा मालकही होता, त्यालाही स्वतःच्याच कुत्र्याने दंडाला चावले होते. पाश्चर यांनी त्याचा हात पाहिला. दात कापडातून आत गेले नव्हते, कातडी फुटली नव्हती. तुम्हाला भीती नाही असे सांगून त्यांनी त्याला परत पाठवले. आजही रुग्णालयात पहिली विचारणा हीच असते की कातडी फुटली आहे का, ओरखडा आहे का, रक्त आले आहे का.

जोसेफचे काय करायचे, हा प्रश्न सोपा नव्हता. व्हुल्पियां आणि ग्रांशे या दोन डॉक्टरांनी मुलाला तपासले आणि काही केले नाही तर हा मुलगा बहुधा वाचणार नाही असे मत दिले. रू यांना मात्र माणसावर हा प्रयोग करण्याची घाई मान्य नव्हती, ते या उपचारापासून बाजूला राहिले. त्याच संध्याकाळी ग्रांशे यांनी पोटाच्या कातडीत पहिली सुई टोचली. सुई डॉक्टरांच्या हाती होती, जबाबदारी पाश्चर यांच्या शिरावर. पहिले टोचण पंधरा दिवस वाळवलेल्या मज्जारज्जूचे. मग रोज थोडे ताजे. सुमारे दहा दिवसांत एकूण तेरा टोचण्या झाल्या. शेवटची १६ जुलैची, ती जवळजवळ ताज्या, पूर्ण ताकदीच्या द्रव्याची होती. म्हणजे कुत्र्याच्या चाव्यातून रोग झाला नसता तरी या शेवटच्या सुईतून होऊ शकला असता. त्या दिवसांत पाश्चर यांना रात्री झोप लागत नसे. जोसेफ मात्र मजेत होता. प्रयोगशाळेतली कोंबडी, ससे, गिनीपिग त्याच्या लाडाचे झाले होते. महिनाअखेर तो गावी परतला आणि आठवडे उलटले तरी त्याला काही झाले नाही.

या यशाला एक सावली आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पाश्चर यांनी आपल्या प्रयोगांच्या वह्या कुणाला दाखवू नयेत असे घरच्यांना बजावले होते. त्या वह्या विसाव्या शतकात फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचल्या आणि इतिहासकार जेराल्ड गायसन यांनी १९९५ मध्ये त्यांच्या आधारे लिहिले. जोसेफवर वापरलेली नेमकी पद्धत कुत्र्यांवर पूर्णपणे तपासून झालेली नव्हती. पन्नास कुत्र्यांना रोगप्रतिकारक केल्याचा जो दाखला दिला गेला, त्यातली बहुतेक कुत्री वेगळ्या पद्धतीने तयार झाली होती. शिवाय जोसेफच्या आधी दोन रुग्णांवर टोचणी झाली होती. त्यातली अकरा वर्षांची मुलगी, जिला आधीच लक्षणे सुरू झाली होती, ती दुसऱ्याच दिवशी गेली. आजच्या नीतिनियमांनी मोजले तर पाश्चर यांना परवानगी मिळाली नसती. पण दुसऱ्या पारड्यात नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगावर चौदा जखमा होत्या. रू आणि पाश्चर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असेच म्हणावे लागते.

दुसरा रुग्ण पाश्चर यांच्या स्वतःच्या मुलखातला निघाला. १४ ऑक्टोबर १८८५ ला आर्बुआपासून जवळच्या व्हिलेर-फार्ले गावात सहा मुले मेंढरे राखत होती. एक पिसाळलेला कुत्रा त्यांच्यावर चालून आला. त्यातला सर्वात मोठा, किशोरवयीन झां-बातिस्त ज्युपी, बाकीच्यांना पळायला सांगून स्वतः कुत्र्यासमोर उभा राहिला. कुत्र्याने त्याचा हात धरला. त्याने दुसऱ्या हाताने जबडा उघडला, चाबकाच्या वादीने कुत्र्याचे तोंड बांधले आणि पायातल्या लाकडी खडावेने त्याला मारले. सहा दिवसांनी तो पॅरिसला पोचला आणि बरा झाला. हे शौर्य मोठेच, तरी कुणा पोराने त्याचे अनुकरण करू नये. २६ ऑक्टोबरला पाश्चर यांनी दोन्ही मुलांची हकीकत विज्ञान अकादमीपुढे ठेवली आणि मग युरोपभरातून चावा घेतलेली माणसे पॅरिसकडे निघाली.

९ नोव्हेंबरला दहा वर्षांच्या लुईझ पेल्तिये हिला तिचे आईवडील घेऊन आले. एका मोठ्या कुत्र्याने तिच्या डोक्याला आणि काखेजवळ चावा घेतला होता, आणि तो सदतीस दिवसांपूर्वी. पाश्चर यांना पाहताक्षणी कळले की उशीर झाला आहे. ही मुलगी टोचणी देऊनही गेली तर तिचा मृत्यू लशीच्या माथी मारला जाईल, लोक घाबरतील आणि जे वाचू शकतात तेही येणार नाहीत. पद्धतीच्या भल्याचा विचार केला तर नाही म्हणणे शहाणपणाचे होते. पण आईवडील समोर उभे होते आणि पाश्चर यांना नाही म्हणता आले नाही. टोचण्या संपल्यावर थोड्याच दिवसांत तिला लक्षणे सुरू झाली. पाश्चर तासन्‌तास तिच्या उशाशी बसून राहिले. ३ डिसेंबरला ती गेली. विरोधकांनी अपेक्षेप्रमाणे लशीकडे बोट दाखवले, आणि लुईझच्या वडिलांनी मात्र पाश्चर यांची बाजू सोडली नाही.

सदतीस दिवस का गेले असतील, याचे उत्तर प्रत्येक काळात तेच असते. कुत्रा ओळखीचा होता, जखम भरत आली होती, घरचे काही उपाय करून झाले होते. मुले तर चावा लपवतातच. कुत्र्याची शेपूट ओढली, तो खात असताना हात घातला, हे सांगितले तर रागावतील म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे संशयित पिसाळलेली जनावरे चावलेल्यांत ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात. जखमेवर मिरचीपूड, चुना किंवा तेल लावणे म्हणजे लोहाराच्या सळईचेच धाकटे भावंड. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे याला काही पर्याय नाही. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, कारण लशीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस लागतात.

१ मार्च १८८६ पर्यंत ३५० जणांना टोचून झाले होते आणि मृत्यू एकच, लुईझचा. त्याच महिन्यात रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडगा चावलेली एकोणीस माणसे आली. तिघे दगावले, सोळा घरी गेली. जखमा खोल होत्या आणि वाटेतच दोन आठवडे गेले होते, हे पाहता तो निकाल थक्क करणारा होता. लोकवर्गणीतून उभी राहिलेली पाश्चर संस्था १४ नोव्हेंबर १८८८ ला सुरू झाली.

लशीच्या या गाजावाजात पाश्चर यांचे एक म्हणणे मागे पडले. इंग्लंडहून पद्धत समजून घ्यायला आलेल्या मंडळींना त्यांनी सुचवले होते की तुमचा देश बेट आहे. तुम्हाला लशीची गरज नाही, कुत्र्यांच्या तोंडाला मुसकी बांधा, बाहेरून येणारी कुत्री काही काळ वेगळी ठेवा, रोग आपोआप संपेल. मालकांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण इंग्लंडने ते केले आणि १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज नाहीसा झाला. लस चावलेल्या माणसाला वाचवते. रोग संपतो तो कुत्र्यांच्या बाजूने. आता मुसकीच्या जोडीला कुत्र्यांचीच लस आहे. वर्षाला एक टोचणी, गळ्यात पट्टा, हातात साखळी, आणि लहान मूल व कुत्रा यांना एका खोलीत एकटे न सोडणे, मग तो कुत्रा कितीही लाडाचा आणि जुना असो. पाळणाऱ्याने एवढे करायलाच हवे.

पाश्चर यांच्या संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले. परळची त्यांच्या नावाची संस्था मुंबईकरांना सांगायला नको. १९०० मध्ये कसौलीला भारतातली पहिली पाश्चर संस्था निघाली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून जी लस तयार केली, तीच ती पोटातली चौदा इंजेक्शने. त्यांच्या धाकाने कित्येकांनी उपचारच घेतले नाहीत, आणि क्वचित कुणाला त्या लशीतल्या मेंदूच्या अंशामुळे लुळेपणही येई. हे उत्पादन आपल्याकडे २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होते. आता लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूची असते, दंडात किंवा दंडाच्या कातडीत देतात, आणि टोचण्या चार-पाच दिवशीच असतात. ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. पोटातल्या इंजेक्शनांची भीती मात्र आजही आजीकडून नातवंडांकडे पोचत असते.

पाश्चर यांची तब्येत शेवटच्या वर्षांत खालावत गेली. २८ सप्टेंबर १८९५ ला, जिथे पिंजरे बांधताना शेजाऱ्यांनी विरोध केला होता त्याच व्हिलनव्ह-लेतांला त्यांनी प्राण सोडला. जागतिक रेबीज दिन त्याच तारखेला पाळतात. त्यांचे दफन पॅरिसच्या संस्थेच्या तळघरात झाले. कुत्र्याशी झुंजणाऱ्या ज्युपीचा पुतळा संस्थेच्या आवारात आहे. मोठेपणी ज्युपी त्याच संस्थेत दारवान झाला आणि जोसेफ माइस्टरही. ज्यांच्या अंगात ती सुई पहिल्यांदा गेली, ती दोन मुले पुढे अनेक वर्षे त्या दारातून चावा घेतलेल्या मुलांना आत सोडत राहिली.